पाय जाड केले तरी रोबोट डोलतोच: लवचिकता शोधायची कुठे?

नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी ११५ सेंमी उंचीचा, सुमारे १८ किलो वजनाचा, दोन पायांवर चालणारा रोबोट बांधला आहे. एका पायावर उभा राहिला की तो बाजूला सेकंदाला साधारण चार वेळा डोलतो. नियंत्रणाचा गेन, म्हणजे चूक दिसताच मोटर किती जोराने सुधारणा करते ते प्रमाण, वाढवला की डोलणे कमी होते, पण मग सगळा सांगाडा गुणगुणू लागतो. पायांच्या ३ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काढून त्यांनी ५ मिमीच्या बसवल्या. वजन सुमारे ८०० ग्रॅमने वाढले, डोलणे मात्र होते तसेच राहिले. आता ७०७५ या मिश्रधातूच्या पट्ट्या मागवाव्यात, की प्रोग्रॅममध्ये फिल्टर घालून गुणगुण दाबून टाकावी, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की, तूर्त दोन्ही करू नका. वाळूज औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे यंत्ररचनेचे काम करतो आहे आणि अलीकडची काही वर्षे पायांनी चालणाऱ्या यंत्रांवरच गेली आहेत. तुम्ही केलेली चूक आम्हीही केली होती आणि ती आम्हाला तुमच्यापेक्षा बरीच महाग पडली होती.

आधी ७०७५ चा विषय संपवतो, कारण त्यात फार बोलण्यासारखे काही नाही. ६०६१ या नेहमीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या तुलनेत ७०७५ जवळजवळ दुप्पट ताण सोसते हे खरे आहे, परंतु तुमच्या पट्ट्या तुटत नाहीत किंवा कायमच्या वाकतही नाहीत. त्या फक्त लवतात आणि परत येतात. किती लवायचे हे धातूच्या स्थितिस्थापकता गुणांकावर ठरते आणि तो दोन्ही मिश्रधातूंत ७० गिगापास्कलच्या आसपासच असतो. पोलाद तिप्पट ताठ आहे, पण ते जडही तेवढेच, म्हणून वजनाच्या हिशेबात दोघे बरोबरीत सुटतात. धातू बदलून ही थरथर जाणार नाही. गेलीच तर आकार बदलून आणि जोड बदलून जाईल.

आता डोलण्याकडे वळू. जोंधळ्याचा कडबा उंच रचून भरलेली गाडी गाडीवाटेच्या खड्ड्यातून निघाली की वरचा ढीग ज्या संथ लयीत डावी-उजवीकडे झुलतो, ते दृश्य मराठवाड्यात कोणालाही नवे नाही. ढीग स्वतः वाकत नाही. तो साट्यासकट खालच्या आसाच्या आणि चाकाच्या ढिलाईवर डोलतो. तुमचा रोबोट नेमके हेच करतो आहे. घोट्याच्या वरचे वजन १८ किलो आणि गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर धरली, तर वस्तुमान गुणिले उंचीचा वर्ग हे सुमारे ६.५ येते. सेकंदाला चार आवर्तने हवीत तर घोट्यापाशी एकूण ताठपणा दर रेडियनला सुमारे ४,२०० न्यूटन-मीटर असला पाहिजे. यातले सुमारे १०६ गुरुत्वाकर्षण खाऊन टाकते, कारण उलटा लंबक स्वतःच पडायला बघत असतो. हा आकडा मी मुद्दाम काढून दाखवला, कारण तो तपासता येतो. कमरेच्या उंचीवर आडव्या दिशेने २ किलोचे वजन दोरीने ओढायला लावले, तर इतक्या ताठपणाचा रोबोट तिथे सुमारे पावणेदोन मिलिमीटर सरकायला हवा. हे सरकणे साध्या डायल गेजवर, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकावर, अगदी स्पष्ट दिसते. वारंवारिता दुप्पट करायची, म्हणजे चारची आठ करायची, तर ताठपणा चौपट लागतो हेही याच हिशेबातून कळते, आणि म्हणूनच इथे चार-दोन टक्क्यांची डागडुजी कामाची नाही.

तळव्यापासून कमरेपर्यंत जे जे भाग एकापाठोपाठ एक येतात ते सगळे एकाच साखळीत अडकवलेल्या स्प्रिंगांसारखे असतात. तळव्याचे रबर, बलमापक, घोट्याचा ब्रॅकेट, बेअरिंग, गिअर, मोटर जागेवर धरून ठेवणारे नियंत्रण, नडगी, गुडघा, मांडी, खुबा. प्रत्येकाच्या लवण्याची बेरीज होते आणि त्या बेरजेवर सर्वांत मऊ भागाचे राज्य चालते. समजा घोट्याचा ब्रॅकेट नडगीच्या मानाने वीसपट मऊ आहे आणि तुम्ही नडगी दुप्पट ताठ केली. एकूण ताठपणात सुधारणा होते अवघी अडीच टक्के आणि वारंवारितेत सव्वा टक्का. पट्टी ३ वरून ५ मिमी केल्याने तिचा स्वतःचा ताठपणा साडेचार पटींहून अधिक वाढला, कारण वाकण्यात जाडीचा घन मोजला जातो, आणि तरीही डोलणे तसूभर बदलले नाही. तुमचा हा प्रयोग वाया गेलेला नाही. दोष पट्टीत नाही हे त्याने सिद्धच केले आहे.

आमच्याकडे हे कळायला दोन महिने लागले. सुमारे ४० किलोच्या आमच्या यंत्राची नडगी संगणकावरच्या विश्लेषणात लाल-पिवळी, म्हणजे जास्त लवणारी, दिसत होती, म्हणून आम्ही ती नव्याने घडवून घेतली, जाड केली, आतून फासळ्या दिल्या. विश्लेषणात चित्र निळेशार झाले आणि जमिनीवर उतरवताच यंत्र पूर्वीइतकेच थरथरले. कारण सरळ होते: विश्लेषण करणाऱ्या मुलाने नडगीची दोन्ही टोके पूर्ण घट्ट धरलेली आहेत असे गृहीत धरले होते, आणि बेअरिंग, बोल्ट, गिअर यांपैकी एकही गोष्ट त्या चित्रात नव्हती. दुकानातल्या एका जुन्या फिटरने मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावून अर्ध्या तासात जे दाखवले ते असे की, कमरेशी ३ मिमी सरकणाऱ्या त्या पायात नडगी आणि मांडी या दोघींच्या वाकण्याचा वाटा जेमतेम ०.२ मिमी होता. उरलेले सगळे घोट्यात आणि खुब्यात होते.

तुम्हीही तेच करा. महाविद्यालयाच्या कार्यशाळेत सरफेस प्लेट, म्हणजे मापनासाठीचा जड सपाट ठोकळा, असेलच. रोबोटचा एक तळवा तिच्यावर क्लॅम्पने आवळून बांधा आणि दुसरा पाय उचलून दोरीने धडाला बांधून टाका. कमरेच्या उंचीवर आडवी दोरी बांधून ती पुलीवरून खाली सोडा आणि तिला अर्धा-अर्धा किलोची वजने अडकवत न्या. डायल आधी तळव्याच्या वरच्या पृष्ठभागावर लावा. तिथेच काटा हलला तर तुमचा क्लॅम्पच सैल आहे, पुढचे सगळे वाचन फुकट. मग घोट्याच्या ब्रॅकेटवर, नडगीच्या खालच्या व वरच्या टोकाला, मांडीच्या दोन्ही टोकांना आणि शेवटी कमरेशी, असे वर सरकत जा. एकाच भागावर दोन उंचींवर घेतलेल्या वाचनांतील फरकाला त्यांमधल्या अंतराने भागले की त्या भागाचा झुकाव मिळतो, आणि दोन शेजारच्या भागांच्या झुकावातला फरक म्हणजे त्यांच्यामधल्या सांध्याची लवचिकता. एका वहीत वजन आणि वाचन एवढेच लिहीत जा. वजने चढवताना घ्या तशीच उतरवतानाही घ्या. हा भाग मुले कंटाळून सोडून देतात आणि खरी माहिती तिथेच असते.

कारण या वाचनांचा आलेख काढला की चढत्या आणि उतरत्या वजनांच्या दोन रेघांचा आकार रोगाचे नाव सांगतो. पहिल्या अर्ध्या किलोला काटा एकदम पळाला आणि मग सावकाश चालू लागला, तर सांध्यात प्ले, म्हणजे मोकळी ढिलाई, आहे. वजने काढल्यावर काटा शून्यावर आलाच नाही, तर कुठेतरी बोल्टचा जोड घसरला आहे. रेघ सरळ आहे आणि काटा परत येतो, पण उतार मोठा आहे, तर मात्र भाग खरोखरच मऊ आहे. या तिघांचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. हीच चाचणी दोनदा करा: एकदा मोटारींना वीज देऊन त्या जागेवर धरलेल्या असताना, आणि एकदा घोट्याची मोटर काढून तिच्या जागी पोलादाचा ठोकळा बोल्टने बसवून. दोन्ही वाचनांतला फरक हा मोटर, गिअर आणि नियंत्रण यांचा वाटा. तो मोठा निघाला तर सांगाड्याला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांवरून माझा अंदाज घोट्यावर आहे. तिथे तुम्ही पत्रा वाकवून इंग्रजी यू अक्षरासारखा ब्रॅकेट केला आहे. उघड्या काटछेदाचा पत्रा पिळाला किती कमकुवत असतो याचा अंदाज सहसा कोणाला नसतो. २० मिमी त्रिज्येची आणि २ मिमी जाडीची नळी घ्या आणि तिला लांबीभर एक चीर पाडा. वजन तेवढेच राहते, पण पिळाविरुद्धचा ताठपणा तीनशेपटीने घटतो. तुमच्या ब्रॅकेटची चौथी बाजू म्हणजे तीच चीर आहे. तिथे ३ मिमीची झाकणपट्टी सहा स्क्रूंनी बसवली तर काही ग्रॅम वजनात जे साधेल, ते पट्ट्यांच्या ८०० ग्रॅमनी साधले नाही.

त्याच ब्रॅकेटमध्ये मोटर एकाच बाजूच्या हॉर्नवर, म्हणजे तिच्या दांड्यावरच्या चकतीवर, टांगलेली दिसते. म्हणजे १८ किलोचा सगळा भार सर्व्होच्या, म्हणजे त्याच मोटरच्या, पोटातल्या लहानशा बेअरिंगवर, तोही एका अंगाने. समोरच्या बाजूला, त्याच अक्षावर, दुसरे बेअरिंग द्या. एकच खोल खाचेचे बॉल बेअरिंग आतल्या मोकळिकीमुळे काही कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तरी कलतेच. घोट्यापाशी पाच कला कललेले बेअरिंग कमरेशी जवळपास ०.९ मिमी दिसते. दोन बेअरिंगे जितकी लांब ठेवाल तितके हे कलणे कमी, आणि स्प्रिंग वॉशरने थोडा आधीचा दाब दिला तर मोकळीकच संपते. गिअरच्या प्लेचा हिशेबही असाच आहे, फक्त तो अधिक निर्दय आहे: घोट्यात अर्धा अंश प्ले म्हणजे कमरेशी पाच मिमीहून जास्त. बोल्टांबद्दल एवढेच सांगतो की, ४ मिमीच्या बोल्टला ४.५ मिमीचे भोक ठेवले तर जोड फक्त घर्षणावर उभा असतो. प्रत्येक जोडाला दोन डॉवेल पिना, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या खुंट्या, द्या आणि रीमरने भोक नेमक्या मापाचे करूनच द्या. छत्रपती संभाजीनगरला येणे जमत असेल तर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी अशी भोके एकाच बांधणीत मारून मिळू शकतात. हाताच्या ड्रिलने ती सरळ येत नाहीत.

हे झाल्यावर ५ मिमीच्या पट्ट्या उतरवा आणि ३ मिमीच्या पुन्हा चढवा, मात्र या वेळी त्यांची पेटी करा. ६० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड अशा दोन पट्ट्या सुट्या वाकल्या तर दोघींचा मिळून काटछेदाचा जडत्वांक, म्हणजे वाकण्याला आकारामुळे होणारा विरोध, २७० मिमी चतुर्घात भरतो. त्याच दोन पट्ट्या ५० मिमी अंतरावर ठेवून, एकमेकींवर घसरणार नाहीत अशा जोडल्या, तर तो सव्वादोन लाख होतो. चार कोपऱ्यांत चार स्पेसर ठोकून हा लाभ पुरता मिळत नाही, कारण स्पेसर स्वतःच कलतात. पुढून आणि मागून १ मिमीचा का होईना पत्रा लावला पाहिजे. वायरी काढायला त्यात भोके पाडा, पण गोल आणि मध्यभागी.

गुणगुण हा निराळा आजार आहे आणि तो डोलण्याच्या औषधाने बरा होणार नाही. गेन वाढवला की नियंत्रण अधिक वरच्या वारंवारितेपर्यंत जोर लावू लागते आणि तिथे सांगाड्याचे दुसरे कुठलेतरी कंपन त्याची वाट पाहत असते. तुमचा झुकावमापक धडाच्या पातळ पत्र्यावर मध्यभागी, दुतोंडी टेपने चिकटवलेला आहे. तो रोबोटचा झुकाव मोजत नाही, पत्र्याचे हेलकावे मोजतो. त्यातून तुम्ही सेकंदाला १०० वेळा वाचन घेता. पत्रा ९० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ९० वेळा, थरथरत असेल तर तुमच्या नोंदींत तो १० हर्ट्झचा खोटा हेलकावा म्हणून उतरतो, आणि नियंत्रण भाबडेपणाने त्या अस्तित्वातच नसलेल्या हेलकाव्याशी झुंजत बसते. वाचन घेतल्यानंतर लावलेला कोणताही फिल्टर हे खोटे वेगळे काढू शकत नाही. मापक कमरेच्या जाड ठोकळ्यावर स्क्रूने आवळा, मापकाच्या आतलाच फिल्टर चालू करा आणि वाचन १,००० पर्यंत न्या. तिथून पुढेही एखादी ठरावीक वारंवारिता उरली, तर फक्त तेवढीच वारंवारिता गाळणारा खाचेचा फिल्टर लावायला माझी हरकत नाही. बॅटरी वेल्क्रोने बांधली असेल तर तीही काढा. सव्वा किलोची बॅटरी आपल्याच लयीत हलत असेल तर ती रोबोटचा भाग नसून त्याच्या खांद्यावर बसलेले पोर आहे.

पुढे कधी हार्मोनिक ड्राइव्ह या प्रकारचा गिअर वापरलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यात प्ले जवळपास नसतो, म्हणून तो सर्वांना आवडतो. पण त्याची पातळ दातेरी वाटी पिळाला स्प्रिंगसारखी वागते आणि मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा बारीक हिसका देते. शंभरास एक अशा गिअरवर सांधा मिनिटाला १५ फेऱ्यांच्या वेगाने फिरत असेल तर मोटर सेकंदाला २५ फेरे घेते आणि हिसके ५० हर्ट्झने बसतात. ५० च्या आसपास सांगाड्याचे एखादे कंपन असले तर एका विशिष्ट वेगालाच सांधा किरकिरतो आणि वेग बदलला की गप्प होतो. अशा वेळी लोक गिअर बिघडला म्हणून परत पाठवतात.

लवचिकता सगळीच वाईट असे मात्र समजू नका. १९९६ साली होंडाने लोकांपुढे आणलेल्या पी२ या १८२ सेंमी उंच आणि २१० किलो वजनाच्या रोबोटच्या तळव्यात, बलमापकाच्या खाली, मुद्दाम रबरी बुश बसवलेले होते. पाऊल टेकतानाचा धक्का ते गिळत आणि घोट्याच्या नियंत्रणापर्यंत वरच्या वारंवारितेची थरथर पोहोचू देत नसत. कोरियात कैस्ट संस्थेच्या प्रा. जुन-हो ओह यांच्या गटाने ह्युबो मालिकेतल्या रोबोटांमध्ये हाच डोल वेगळ्या रीतीने हाताळला: एका पायावर उभा असलेला रोबोट म्हणजे मऊ सांध्यावरचा उलटा लंबक असे मानून त्यांनी घोट्याच्या हालचालीतून त्याला अवमंदन दिले, म्हणजे हेलकावा लवकर विझेल असे केले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लोला या रोबोटात घोटा हलवणाऱ्या मोटारी मांडीत वर चढवून खालचा पाय हलका ठेवलेला आहे. या तिन्ही ठिकाणी लवचिकता कुठे असावी आणि कुठे नसावी हे रचना करणाऱ्यांनी आधी ठरवले होते. तुमच्याकडे ती ब्रॅकेटमध्ये आपसूक शिरली आहे, म्हणून तापदायक झाली आहे. तळव्याला ३ ते ५ मिमीचे रबर जरूर लावा, पण कडेकडेने. मध्यभागी लावले तर रोबोट उशीवर उभा राहिल्यासारखा होतो.

चालीबद्दल थोडेसे. पाऊल उचलण्याचा आणि टेकवण्याचा मार्ग सरळ रेषांचे तुकडे जोडून आखला असेल तर प्रत्येक कोपऱ्यावर सांगाड्याला टपली बसते. टेकताना उभा वेग शून्यावर येईल असा गुळगुळीत वक्र घ्या. सिंगर आणि सीरिंग या संशोधकांनी १९९० च्या सुमारास मांडलेली आज्ञा दोन भागांत फोडण्याची युक्तीही आहे: तुमच्या चार हर्ट्झच्या डोलासाठी हालचालीचा निम्मा भाग आत्ता आणि निम्मा १२५ मिलिसेकंदांनी दिला की दुसरा हेलकावा पहिल्याला खाऊन टाकतो. ठरावीक हालचालींना ती उत्तम आहे. तोल सावरण्याच्या प्रतिक्रियेत मात्र वापरू नका. तिथे १२५ मिलिसेकंद थांबलेला रोबोट आडवा झालेला असतो.

प्रत्येक बदलानंतर एक साधी नोंद ठेवा. तळवा बांधलेल्या रोबोटच्या कमरेला रबरी हातोडीने हलकी टकटक करा आणि प्रवेगमापकाचे वाचन साठवा; सेकंदाला हजार वाचने पुरेत. किती आवर्तनांत हेलकावा निम्म्यावर आला ते मोजा. दहा आवर्तने लागली तर अवमंदन सुमारे १.१ टक्के आहे, ॲल्युमिनियमच्या बोल्ट मारलेल्या सांगाड्यात ते तेवढेच असते. घोट्याची कामे करून वारंवारिता आठच्या वर गेली तर सध्याचा गेन तुम्हाला बहुधा पुरेल.

आणि टकटक करण्याआधी, काहीही न करता अर्धा मिनिट वाचन घ्या. आमच्या शेडमध्ये २४ हर्ट्झचे एक चिवट कंपन आम्ही दोन दिवस खुब्यात शोधत होतो. सगळे बोल्ट उघडून झाले, बेअरिंगे बदलून झाली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते आपोआप थांबले. भिंतीपलीकडच्या कॉम्प्रेसरची मोटर मिनिटाला १,४४० फेऱ्यांची होती आणि दोन्ही शेडची फरशी एकच होती.